दारातून एक, खिडकीतून एक

काडी जन्मली दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आणि गोटी दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. एकाच आईच्या पोटी, एकाच दिवशी, एकाच मजल्यावर. पण एक प्रसूतीच्या खोलीत आणि दुसरी समोरच्या ऑपरेशनच्या खोलीत. काडी नेहमीच्या वाटेनं आली. ती बाहेर पडल्यावर आत ऐसपैस जागा झाली आणि गोटी त्या जागेत आडवी पसरली. काही केल्या सरळ होईना. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडून तिला बाहेर काढलं.

त्यांचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत. ते धावतपळत रुग्णालयात पोचले तेव्हा पहिली मुलगी झाली होती आणि दुसरीसाठी बायकोला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांचा जीव खालीवर होत होता. समोरच्या लिफ्टचं दार दर वेळी अडखळत बंद होत होतं, तेही त्यांना बघवेना. दुसरी मुलगीसुद्धा सुखरूप आहे, हे सांगायला नर्स बाहेर आली तेव्हा मुलींचा बाप गुडघ्यांवर बसून दाराच्या खोबणीत अडकलेलं बाटलीचं झाकण उपसून काढत होता. नर्सनं सांगितलं, थोरली दोन किलो तीनशे, धाकटी दोन किलो शंभर. बाबांनी ते झाकण खिशात टाकलं आणि ते तिथंच भिंतीला टेकून रडले.

म्हणजे जन्मताना गोटीच हलकी होती. पण तिसऱ्या वर्षापासून ती गुबगुबीत व्हायला लागली आणि काडीची हाडं वरून मोजता यायला लागली. घरातली ही नावं तेव्हाची. शाळेच्या हजेरीत दोघींची चांगली भारदस्त नावं होती, पण ती त्यांना स्वतःलाही परक्याची वाटत.

चौतीस मिनिटांनी मोठी असण्याचा काडी पुरेपूर फायदा घेत असे. खिडकीजवळची जागा तिची, पहिली आंघोळ तिची. गोटीचं त्यावर एकच उत्तर असे: तू दारातून आलीस, तसं कोणीही येतं, मी खिडकीतून आले. हे वाक्य तिला आत्यानं शिकवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, मनानं सोन्यासारखी, पण जिभेला हाड नाही. आलेल्यागेलेल्याला ती दोघींची ओळख करून द्यायची, "ही दारातून, ही खिडकीतून." लोक हसत. मुली त्याहून जास्त हसत.

आई टेलर होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी साचे आणि एक उभा आरसा, ज्यासमोर लहान मुलं जीभ काढून दाखवत. जवळच्या चार शाळांचे गणवेश तीच शिवायची. शाळा उघडायच्या आधी महिनाभर दारात मुलांची रांग लागे. पोर दारातून आत येईपर्यंत टेलरबाईंच्या नजरेनं त्याची कंबर मोजलेली असे. टेप नंतर फक्त होकार द्यायला. तिचा एक नियम होता. माप घ्यायचं, वहीत लिहायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. अंगानं भरलेली मुलं तिच्याकडे न बुजता येत, ती त्यामुळेच.

मुली सात वर्षांच्या झाल्या त्या वर्षी गोटीची कंबर तीन इंचांनी वाढली आणि उंची जेमतेम दीड इंचानं. आईनं तिच्या स्कर्टच्या शिलाईत भरपूर माया सोडून ठेवली होती. आत दुमडलेलं ते जास्तीचं कापड तिनं सहामाहीतच उसवलं, आणि वर्ष संपायच्या आत कंबरेला वेगळी पट्टी जोडावी लागली. मूल वाढतंय, असं म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

मग एका दुपारी आत्या बटणं लावायला मदत करायला आली. बोलता बोलता म्हणाली, फोनवर काहीतरी वाचलं, ऑपरेशननं झालेली मुलं पुढे लठ्ठ होतात असं निघालंय म्हणे. समोर अंगणात मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "तरीच!"

आत्या लगेच दुसऱ्या विषयाकडे वळली. पण आईनं सुईत दोरा ओवायला घेतला तो चार वेळा चुकला.

कारण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी काडी झाल्यावर डॉक्टर, नर्स सगळे म्हणत होते, अजून थोडा जोर करा, दुसरी येतेय. कोणीतरी पोटावरून हात दाबून बाळाला वळवायचा प्रयत्न करत होतं. आणि ती ओरडली होती, "आता नाही होत माझ्याच्यानं. काढा तिला." त्यानंतर धावपळ झाली, तोंडावर मास्क आला आणि ती जागी झाली तेव्हा पोटाला टाके होते. सात वर्षं ती धरून चालली होती की आपण हात टेकले म्हणून पोरीला कापून काढावं लागलं. आतापर्यंत ते नुसतं मनाच्या तळाशी पडून होतं. पोर धडधाकट आहे ना, मग झालं, असं म्हणता येत होतं. आत्याच्या एका शब्दानं ते वर आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोटीचं ताट हलकं केलं. कुणाला ताकास तूर लागू न देता. काडीला भरलेला डाव, गोटीला अर्धा. काडीला दूध पूर्ण पेला, गोटीला बोटभर कमी. दुसऱ्यांदा मागितलं की संपलं म्हणायचं. दर रविवारी ती गोटीच्या कंबरेला टेप लावायची. एरवी गुदगुल्या होऊन खिदळणारी पोर तिसऱ्या रविवारी श्वास आत ओढून, पोट खपाटीला नेऊन उभी राहिली. आईला ते दिसलं आणि तिनं न पाहिल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी कंबर होती तेवढीच. काडी मात्र आणखी वाळल्यासारखी दिसायला लागली.

तेव्हा एका दुपारी आईनं जेवताना डोळ्यांत तेल घालून पाहिलं. खाली पडलेला चमचा उचलायचं निमित्त करून ती वाकली. टेबलाखाली काडीचा डावा हात गोटीच्या मांडीवर होता आणि हातात एक उकडलेलं अंडं. गोटी ते मुकाट्यानं घेत होती. हे रोजचंच असावं, कारण दोघीही वर एकमेकींकडे पाहतसुद्धा नव्हत्या.

आईनं विचारलं तेव्हा काडीनं जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"तू तिला कमी देतेस," ती म्हणाली. "पोटात होतो तेव्हा आम्ही अर्धं अर्धंच खात होतो ना?"

गोटी खाली मान घालून टेबलावरचा कण बोटानं ढकलत होती. मग तिनं विचारलं, "आई, मी चुकीच्या ठिकाणाहून आले का? आत्या म्हणाली ते मी ऐकलं."

आई उठली, गोटीला उचलून मांडीवर घेतलं. सात वर्षांचं भरलेलं अंग, पाय जमिनीला टेकत होते. तिनं सांगितलं, तू अगदी बरोबर ठिकाणाहून आलीस. पण तिचा आवाज तिला स्वतःलाच खरा वाटला नाही, आणि मुलांना तर असला आवाज लांबूनच कळतो. त्या दिवशी तिनं दोघींना सारखं वाढलं आणि संध्याकाळी ड्रॉवरमधलं एक पत्र बाहेर काढलं.

पत्र रुग्णालयातून आलं होतं, महिन्यापूर्वी. सात-आठ वर्षांपूर्वी तिथं जन्मलेल्या मुलांना बोलावून त्यांची उंची, वजन, कंबर मोजायची होती. कशा पद्धतीनं जन्म झाला याचा आणि मुलांच्या वजनाचा काही संबंध दिसतो का, हे एका डॉक्टरीणबाईंना तपासायचं होतं. आत्याचं बोलणं झाल्यावर आईनं ते पत्र ड्रॉवरमध्ये जुन्या साच्यांच्या खाली दडवलं होतं. कोर्टाचं बोलावणं असावं तसं. आता तिनं ठरवलं, काय असेल ते एकदा तोंडावर ऐकून घ्यावं.

शनिवारी सकाळी चौघं गेले. बाबांनी लिफ्टचं दार बारकाईनं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

पहिला घोटाळा झाला फॉर्मवर. आईनं भरायच्या कागदावर प्रश्न होता: प्रसूती कशी झाली, नैसर्गिक की शस्त्रक्रियेनं? एकाच चौकटीवर खूण करा. आईनं दोन्ही चौकटींवर केली. टेबलामागची मुलगी म्हणाली, एकच करायची असते. आई म्हणाली, माझ्या दोन्ही झाल्या, एकाच दिवशी. मुलीनं संगणकात दोन्ही भरून पाहिलं, संगणकानं लाल अक्षरात नकार दिला. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा नकार. शेवटी आतून डॉक्टरीणबाई आल्या. उंच, विस्कटलेल्या केसांच्या, दोन पेनं केसांत खोचलेली आणि तिसरं शोधत असलेल्या. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की जणू लॉटरी लागली. म्हणाल्या, तीनशे मुलांत अशी जोडी एकच. आणि फॉर्म त्यांनी स्वतःच तयार केला होता, तेव्हा चूकही त्यांचीच. त्यांनी दोन वेगळे कागद मागवले आणि वर हातानं काहीतरी लिहून दिलं.

माप घ्यायच्या खोलीत गोंधळ माजला होता. उंची आणि वजन ठीक चाललं होतं, पण कंबर मोजायला बसलेल्या तरुण मदतनिसाच्या नाकी नऊ आले होते. मुलं गुदगुल्यांनी वाकत, काही पोट आत घेत, एक मुलगी तर टेप दिसताच टेबलाखाली शिरली होती. तो प्रत्येक मूल दोनदा मोजत होता आणि दोन्ही आकडे वेगळे येत होते. आई पंधरा मिनिटं रांगेत हे पाहत राहिली. मग तिला राहवेना. ती पुढे झाली, टेबलाखालच्या मुलीशेजारी खाली बसली आणि तिला म्हणाली, जरा माझ्या हाताची वीत किती इंच आहे ते मोजून दे ना. मुलीनं टेप घेतला, हात मोजला. मग कोपर मोजलं. मग आईनं तिला विचारलं की आता माझी पाळी का, आणि मुलगी उभी राहिली. श्वास सोडायला लावण्यासाठी आईनं तिला शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं. उत्तर देताना पोट आपोआप सैल पडलं. टेप बसला, आकडा लिहिला गेला, मोठ्यानं कोणी बोललं नाही.

पुढची अकरा मुलं तिनंच मोजली. मदतनीस वही घेऊन शेजारी उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. दारात डॉक्टरीणबाई केव्हा येऊन थांबल्या ते कुणाला कळलंच नाही. त्यांनी दोन मुलांना मुद्दाम पुन्हा तिच्याकडे पाठवलं, तिनं पुन्हा मोजलं, आणि आकडे रेघभरही हलले नाहीत.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, तुम्ही चौतीस मिनिटांवाल्या!"

त्या मोठ्या सिस्टर होत्या. त्या दिवशी काडी त्यांच्याच हातात आली होती. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, प्रसूतीची खोली सुटली होती आणि त्या या मोजणीच्या कामात जुन्या फायली शोधून द्यायच्या. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं की लिफ्टवाले हेच ना. मग दोन्ही मुलींना जवळ ओढून घेतलं. गोटीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, हिनं आम्हा सगळ्यांना नाचवलं होतं.

आईनं इतकी वर्षं जे गिळलं होतं ते तिथं, वजनकाट्याशेजारी, बाहेर आलं. मुली पलीकडे उंचीच्या पट्टीपाशी भांडत होत्या. ती हलक्या आवाजात म्हणाली की मीच त्या दिवशी हात टेकले. मी थोडा आणखी जोर केला असता तर हिला कापून काढावं लागलं नसतं. आणि आज हिचं हे वजन झालं नसतं.

सिस्टर आत गेल्या आणि एक पिवळी पडलेली फाईल घेऊन आल्या. पानं उलटून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. दोन वाजून चोवीस मिनिटं: बाळ आडवं, एक हात खाली आलेला, वळवण्याचा प्रयत्न अयशस्वी, ठोके मंदावले, तातडीनं शस्त्रक्रियेचा निर्णय. खाली सही.

"तुम्ही 'काढा तिला' म्हणालात ते मला आठवतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण तेव्हा तुमचं स्ट्रेचर दाराबाहेर निघालं होतं. निर्णय आधीच झाला होता. हात पुढे करून आडवं झोपलेलं बाळ जोर करून येत नाही हो. तुम्ही पहिलवान असतात तरी आलं नसतं. तुम्ही म्हणालात ते आम्हाला पटलं, कारण आम्हीही तेच करत होतो."

आईनं ती ओळ तीनदा वाचली. फाईल सिस्टरांच्या हातात परत देताना तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला उचकी लागली. नवरा पाण्याचा पेला घेऊन धावला. त्यालाही हे सगळं आत्ताच कळत होतं. तो एवढंच म्हणाला, "सात वर्षं? अगं, मला सांगायचंस तरी." मग त्यानं तिचा हात हातात घेतला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आईला आपल्या खोलीत बसवलं. खोलीभर कागद, खुर्चीवरही. आईनं सरळच विचारलं, मुलींच्या आत्याबाई म्हणतात, ऑपरेशननं झालेली मुलं लठ्ठ होतात, ते खरं की खोटं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात थोडं तथ्य असू शकतं, म्हणूनच तर शोधतोय. कितीतरी मुलांची सरासरी काढली की शस्त्रक्रियेनं जन्मलेल्यांत लठ्ठपणा थोडा जास्त आढळतो. का, ते नक्की कुणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं नेहमीच्या वाटेनं येताना बाळाला आईकडून जे चांगले जंतू मिळतात ते यांना कमी मिळतात. कोणी म्हणतं मुळात ज्या आयांचं वजन जास्त असतं त्यांचीच शस्त्रक्रिया जास्त वेळा होते, आणि मुलाचं वजन तिथून येतं, वाटेवरून नाही. धागे असे गुंतलेत की कुठला ओढला तर काय उसवेल, सांगता येत नाही.

"पण सरासरी ही गर्दीची असते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या कपाळावर ती लिहिलेली नसते. ती या जगात जिवंत आली, कारण ती अशी आली. आणि आता जे करायचं ते दोघींसाठी एकच आहे. भरपूर खेळ, वेळेवर झोप, घरातल्या सगळ्यांना एकच जेवण. एकीचं ताट हलकं करू नका."

आईनं मान खाली घातली. ताटाचं तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. बहुधा काडीनं सांगितलं असावं. ती उंची मोजून घेताना दिसेल त्याच्याशी बोलत होती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पुढचे काही शनिवार येऊन मुलांची मापं घ्याल का? आई म्हणाली, मी साधी शिवणकाम करणारी. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

मग ती दर शनिवारी जायला लागली. गळ्यात टेप, खिशात खडू, सवयीनं. त्या खोलीत तिनं अडीचशेच्या वर मुलं मोजली. लाजणारी, धीट, एक अखंड गाणारा, एक मुलगा जो आपल्या बाहुलीचंही माप घ्यायला लावून गेला. आया दाराशी उभ्या राहत, आणि कितीजणींच्या चेहऱ्यावर तिला आपलाच महिन्यापूर्वीचा चेहरा दिसे. एकीनं तर हळूच विचारलं, माझं ऑपरेशन झालं, म्हणून का हो ही अशी? आई उपदेश करायच्या भरीला पडली नाही. तिनं त्या बाईला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि आपल्या दोघींची गोष्ट सांगितली, टेबलाखालच्या अंड्यासकट. ती बाई अंड्याच्या भागावर इतकी हसली की आतून डॉक्टरीणबाई काय झालं म्हणून पाहायला आल्या.

घरात बदल झाले ते गाजावाजा न करता. चार ताटं सारखी वाढली जायला लागली. गोड पेयाच्या बाटल्या बाबांच्याच आवडीच्या निघाल्या. त्या बंद झाल्यावर सगळ्यात जास्त कुरकुर त्यांनीच केली. आणि खेळ म्हणून चौघं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जायला लागले, कारण तो जवळ होता आणि रविवारी सकाळी मोकळा असे.

तिथं एक नवलच घडलं. काडी, जी धावण्यात वर्गात पहिली यायची, जी चौतीस मिनिटांनी थोरली होती, ती पाण्यात शिरताच दगडासारखी बुडाली. तिनं कडेचा दांडा धरला तो धरलाच. आणि गोटी? गोटी पाठीवर पडली आणि तशीच राहिली. पाण्यानं तिला जणू तळहातावर घेतलं. शिकवणाऱ्या बाई तिच्या पाठीखाली हात घालायला गेल्या तर हाताची गरजच नव्हती. गोटीनं एकदा डोळे उघडून वर पाहिलं, आपण बुडत नाही याची खात्री करून घेतली आणि मोठ्यानं हसली. हसताना पाणी तोंडात गेलं, ती खोकली, आणि पुन्हा पडून राहिली.

तीन महिन्यांत ती तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागली. पाय मारताना तिच्यामागे पाण्याचा नुसता फेस उठे. जोरकस खांदे, न थकणारा दम; शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे अंग पाण्यासाठीच घडवलंय. काडीला दांडा सोडायला लावला तोही गोटीनंच. ती दर वेळी तिच्यासमोर पाण्यात उभी राहायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, ये, मी आहे. एका रविवारी काडीनं डोळे मिटून दांडा सोडला आणि बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी बुडाल्या, वर आल्या, आणि कोण कुणामुळे बुडालं यावर भांडत घरी आल्या.

वर्षभरानं डॉक्टरीणबाईंनी सगळ्या कुटुंबांना बोलावून निकाल सांगितला. सभागृह भरलं होतं, मुलं खुर्च्यांखाली पळापळी करत होती. त्यांनी अगदी साध्या भाषेत सांगितलं. शस्त्रक्रियेनं जन्मलेल्या मुलांची सरासरी थोडी जास्त निघाली. पण आयांचं वजन, बाळपणीचं दूध, झोप, खेळ हे सगळं जमेला धरलं की त्यातला बराचसा फरक विरघळून गेला. उरला तो इतका बारीक की तीनशे मुलांवरून छातीठोक काही म्हणता येत नाही. मोठा अभ्यास हवा. पुढच्या रांगेतल्या आत्यानं हात वर करून विचारलं, म्हणजे नक्की काय समजायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की समजलं नाही, असं समजायचं. आत्याला हे उत्तर बिलकूल आवडलं नाही. पण घरी परतताना ती भावजयीजवळ आली आणि म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी मी उगाच बोलले. माझं तोंडच असं आहे." आईनं तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, आणि तो विषय तिथंच संपला.

त्या वर्षी गोटीची उंची अडीच इंच वाढली आणि कंबर होती तिथंच राहिली. काडीपेक्षा ती तेव्हाही रुंद होती आणि पुढेही राहणार होती. शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत ती दुसरी आली. पहिली आली ती तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होती, हे काडीनं पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगितलं.

आईचं मात्र एक राहिलं होतं. ती दर वेळी काठावर टॉवेल धरून बसायची. पाण्यात कधी उतरलीच नव्हती, ना लहानपणी, ना नंतर. एका रविवारी गोटीनं विचारलं, तू का येत नाहीस? आईनं दहा कारणं सांगितली. गोटीनं ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली की हे झालं तुझं, आता खरं सांग. आई म्हणाली, मला भीती वाटते.

पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःसाठी पोहण्याचा पोशाख शिवला. कापड ताणलं जाई, सुई घसरे, तीनदा उसवलं. आरशासमोर उभी राहून पाहिलं तेव्हा तिला हसू फुटलं, आणि दारातून डोकावणाऱ्या नवऱ्यानं शीळ घातली.

रविवारी ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. कंबरेपर्यंत आलं, तिनं श्वास रोखला. छातीपर्यंत आलं, तिनं नवऱ्याला दोन शिव्या घातल्या, कारण तो काठावरून फोटो काढत होता. गोटी समोर, काडी बाजूला. पाठीवर पड, गोटी म्हणाली, आणि मान सैल सोड. आईनं मान सैल सोडली. कान पाण्याखाली गेले आणि सगळ्या तलावाचा आवाज एकदम थांबला. वर उंच छत होतं, त्यातून ऊन येत होतं. पाठीखाली चार लहान हात होते. मग तीन. मग दोन.

ती तरंगत होती. छताकडे पाहत ती मोजायला लागली, एक, दोन, तीन, आणि बारापर्यंत आल्यावर तिला कळलं की पाठीखाली आता एकही हात नाही.